विश्लेषण : कोल्हापूरची हद्द थांबली, घरे थांबली नाहीत, आता प्रश्न दाटीचा की नियोजनाचा?

संभाजीनगर बसस्थानकावरून कळंब्याच्या किंवा पाचगावच्या दिशेने निघाले की कोल्हापूर शहर नेमके कुठे संपते, हे सांगता येत नाही. दुकानांची रांग तुटत नाही, अपार्टमेंट संपत नाहीत, केएमटीही पुढे जातच राहते. फरक कळतो तो घरफाळ्याच्या पावतीवर. अलीकडच्या घराची पावती महापालिकेची, पलीकडच्या घराची ग्रामपंचायतीची. दोन्ही घरांतली मुले एकाच शाळेत जातात, दोघांची नोकरी-धंद्याची वाट एकच असते, आणि पत्ता विचारला तर दोघेही ‘कोल्हापूर’ असेच सांगतात. पण पाणी, गटार, कचरा आणि बांधकाम परवाना या चारही गोष्टी दोघांना वेगवेगळ्या दारात जाऊन मागाव्या लागतात.

ही रेषा पुढे सरकवायची की नाही, यावर कोल्हापुरात अनेक दशके वाद आहे. शहरात हद्दवाढ कृती समिती आहे, गावांत हद्दवाढविरोधी कृती समिती आहे. दोन्ही बाजूंनी बंद झाले, मोर्चे निघाले. या गोंधळात मूळ प्रश्न मागे पडला. नवी घरे कुठे बांधायची, किती दाट बांधायची आणि त्यांना रस्ता-पाणी कोण देणार? हद्द कुठेही ठरो, या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागणार आहे.

हद्दवाढ नेमकी कुठे अडली?

कोल्हापूर नगरपालिका १८५४ ची. तिची महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ रोजी. शहराचे क्षेत्र तेव्हा जेवढे होते तेवढेच पुढे राहिले: ६६.८२ चौरस किलोमीटर. महापालिका झाल्यानंतर अर्धशतक उलटले तरी एकही गाव आत आले नाही. प्रस्ताव मात्र पुन्हा पुन्हा गेले. कधी ४२ गावांची यादी, कधी १८ गावे आणि शिरोली व गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहती, अलीकडे ८ गावे. यादी बदलत गेली, रेषा होती तिथेच राहिली.

मधला मार्ग म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. गावे स्वतंत्र राहतील, ग्रामपंचायती राहतील, पण नियोजन आणि बांधकाम परवानगी एका छत्राखाली येईल, अशी कल्पना होती. परवानगीसाठी कार्यालय मिळाले. मोठे रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था आणि पाणी मात्र त्या प्रमाणात आले नाही. त्यामुळे गावकऱ्यांच्या दृष्टीने प्राधिकरण म्हणजे आणखी एक खिडकी आणि आणखी एक शुल्क, एवढाच अर्थ उरला.

शहर खरेच भरले आहे का?

‘शहरात आता जागाच नाही’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. आकडे थोडे वेगळे सांगतात. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार २३६. म्हणजे सरासरी दाटी प्रति चौरस किलोमीटर साधारण ८,२००. मुंबईची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे.

पण सरासरी फसवी असते. याच ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, शिवाजी पेठ आहे. यातच रंकाळा आहे, कसबा बावड्याचा उसाचा पट्टा आहे आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी पंचगंगेकाठची जमीनही आहे. पेठांमध्ये घराला घर लागून, तर नदीकडे शेते. राहण्याजोगी आणि कोरडी जमीन हिशेबात घेतली तर दाटी बरीच वाढते.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या जेमतेम ११ टक्क्यांनी वाढली. माणसे यायची थांबली म्हणून हे घडलेले नाही. शहरात जागेचा दर परवडेना, तेव्हा माणसे पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा, सरनोबतवाडी, बालिंगा, शिंगणापूरकडे गेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही सगळे नियोजन २०११ च्या आकड्यांवर चालले आहे.

दरम्यान मागणी वाढतेच आहे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील आता इथे येतात. त्यांच्यासाठी कार्यालये, भाड्याची घरे, खोल्या, वाहनतळ हे सारे लागणार. ते नियोजनातून उभे राहिले नाही तर आपोआप उभे राहील, आणि आपोआप उभे राहिलेले काय असते हे उपनगरांत दिसतेच.

पेठांमधली दाटी का खपते?

दाटी म्हणजे बकालपणा, असे समीकरण अनेकांच्या डोक्यात असते. कोल्हापूरच्या पेठा त्याला उत्तर आहेत. गल्लीच्या तोंडाशी किराणा, पुढे पिठाची गिरणी, कोपऱ्यावर तालीम, चालत जाता येईल अशी शाळा आणि मंडई. गंगावेशीत आजही म्हशीचे दूध समोर काढून दिले जाते. दिवाळीत सजवलेल्या म्हशी मिरवतात, म्हणजे शहराच्या पोटात अजून गोठे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ खेळतात आणि शाहू स्टेडियम भरते. गल्लीत पुरेशी माणसे असतात म्हणून तालीम टिकते, दुकान चालते आणि केएमटीला प्रवासी मिळतात. विरळ वस्तीत हे जमत नाही.

नियोजनाची परंपराही इथे नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसली. पुढे राजाराम महाराजांच्या काळात लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरी आली. राजारामपुरीत गल्ल्यांना नावे नव्हे, क्रमांक आहेत. रस्ते आधी आखले गेले, घरे नंतर आली, हे त्या क्रमांकांवरूनच कळते. आज तिथे जुनी बैठी घरे जाऊन इमारती उभ्या राहत आहेत आणि पार्किंगची ओरड आहे, तरीही गल्ली सरळ आहे, अग्निशमनची गाडी आत जाते, नळ आणि ड्रेनेजची वाट ठरलेली आहे.

म्हणजे प्रश्न दाटीचा नाही, क्रमाचा आहे. आधी रस्ता आणि मग घर, की आधी घर आणि मग रस्ता?

पाणंदीवर वसलेली उपनगरे

हद्दीबाहेर नेमका हाच क्रम उलटा झाला. शेतात जायची पाणंद बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाईल एवढीच असते. उसाचे रान गुंठ्यांनी विकले गेले, दोन्ही बाजूंना घरे झाली आणि तीच पाणंद कॉलनीचा मुख्य रस्ता ठरली. कुंपणे पक्की झाल्यावर ती रुंद करणे जवळपास अशक्य होते.

मैदाने का नाहीत, याचे उत्तरही नियमाच्या फटीत आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के जागा खुली सोडावी लागते. ४,००० चौरस मीटर म्हणजे साधारण ४० गुंठे. आपल्याकडे वाटण्या होऊन भावाभावांत वीस-वीस गुंठे आलेले असतात. प्रत्येक तुकडा नियमाच्या खाली राहतो आणि एकाही तुकड्यात खुली जागा सुटत नाही. असे दहा तुकडे शेजारीशेजारी आले की मोठी वस्ती होते, पण क्रिकेट खेळायला मुलांना रस्ताच उरतो. कोणी कायदा मोडलेला नसतो आणि मैदानही नसते.

विनापरवाना तुकड्यांचा प्रश्न वेगळाच. त्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आणली गेली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर बांधले त्यांना दिलासा मिळाला पाहिजे, यात वाद नाही. पण नियमितीकरणाने कागद मिळतो, रस्त्याची रुंदी मिळत नाही.

एफएसआय रस्त्याशी का जोडला आहे?

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण. दोन हजार चौरस फुटांचा प्लॉट आणि १.१ एफएसआय असेल, तर मूळ हक्काचे बांधकाम २,२०० चौरस फूट. त्यावर शुल्क भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि आरक्षणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यातला टीडीआर चढतो.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या नियमावलीने ही जास्तीची मुभा रस्त्याच्या रुंदीशी बांधली. दाटीच्या जुन्या भागासाठी वेगळा तक्ता आहे; इतरत्र रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर ही जास्तीची मुभा नाही, आणि रस्ता जितका रुंद तितकी इमारत मोठी. कारण सरळ आहे. मजले वाढले की माणसे, वाहने आणि सांडपाणी वाढते. ते वाहून नेणारी वाट हवी.

कोल्हापूरसाठी याचा अर्थ असा, की ज्या पाणंदी आज चार-पाच मीटरवर अडकल्या आहेत, तिथे भविष्यातही मोठ्या प्रमाणात घरे कायदेशीरपणे होऊ शकणार नाहीत. म्हणजे वस्ती आणखी पुढच्या शेतात सरकणार. रस्त्यांची आखणी आज केली नाही तर ऊसही जाईल आणि धड शहरही होणार नाही.

पंचगंगेची रेषा

हद्दीची रेषा सरकारी आदेशाने सरकते. नदीची रेषा तशी सरकत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रेच बुडाली, त्यामुळे चहूकडे पाणी आणि नळ कोरडे, अशी अवस्था झाली.

पूररेषा दोन असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध मानले जाते. उद्यान, मैदान, शेती असे खुले वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. जोते पूरपातळीच्या वर घ्यावे लागते.

इथेच खरी अडचण आहे. एकाने भराव टाकून जोते उंच केले की त्याचे घर वाचते आणि पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. एकेका परवानगीची फाइल तपासताना प्रत्येक बांधकाम नियमात बसते. सगळ्या भरावांचा मिळून परिणाम कोणत्याच फाइलवर दिसत नाही. जयंती नाल्याचेही तेच. कळंब्याच्या बाजूने शहराच्या मधून पंचगंगेला जाणारा हा नाला वरच्या गावांतले पाणी आणि सांडपाणी घेऊन येतो. वर एक यंत्रणा परवानगी देते, खाली दुसरी यंत्रणा पूर सोसते. पाण्याला हद्द माहीत नसते.

हद्दवाढ झाली की प्रश्न सुटेल?

पुण्याचा अनुभव समोर आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. महापालिका क्षेत्रफळाने प्रचंड वाढली, पण अनेक गावांत पाणी टँकरचेच राहिले आणि कर मात्र वाढला, अशी तक्रार राहिली. शेवटी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगर परिषद झाली. सेवा न देता घेतलेली गावे परत जायचे म्हणतात, हा त्यातला धडा.

म्हणून गावांच्या विरोधाला ‘अडाणीपणा’ म्हणून झटकणे चूक आहे. ग्रामपंचायत सदस्य गल्लीतला असतो, त्याला दारात अडवता येते. महापालिका सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात शहरातल्या लोकांनाच दाद मागायला नगरसेवक नव्हता. उसाच्या जमिनीवर आरक्षण पडेल, घरफाळा वाढेल, या भीतीत तथ्य आहे. शहराच्या बाजूनेही तथ्य आहे. गावांतले लाखभर लोक रोज शहराचे रस्ते, दवाखाने, मंडई वापरतात. केएमटी तोटा सोसून गावांना बस देते. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीला पोहोचले, त्याच्या खर्चाचा भार शहराच्या माथी आहे.

दोघांचे म्हणणे खरे असेल तर उत्तर ‘हद्दवाढ हो’ किंवा ‘हद्दवाढ नाही’ एवढ्यात मावत नाही.

मग करायचे काय?

पहिले, जी गावे शहराला पूर्णपणे जोडली गेली आहेत त्यांना आत घ्यावे. पण आधी लेखी वेळापत्रक जाहीर करून. कोणत्या वर्षी पाणी, कोणत्या वर्षी ड्रेनेज, किती पैसे आणि कुठून, हे गावसभेपुढे मांडावे. नव्याने आलेल्या भागात कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे. सेवा आणि कर यांचे टप्पे एकमेकांना बांधावेत: पाणी आले नाही तर पुढची करवाढ नाही.

दुसरे, उरलेल्या गावांत प्राधिकरणाने परवान्यांच्या आधी रस्ते आखावेत. वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे एकत्र करून नगररचना परियोजना राबवता येते. त्यात प्रत्येक मालक थोडी जमीन सोडतो. त्यातून रस्ते आणि मैदाने होतात, आणि उरलेला प्लॉट आकाराने लहान पण रस्त्यावरचा, म्हणून किमतीने मोठा होऊन मालकाला परत मिळतो. शेतकऱ्याची जमीन आरक्षणात अडकण्यापेक्षा हा व्यवहार बरा.

तिसरे, दाटी कुठे हवी हे ठरवावे. जिथे रुंद रस्ता, बस आणि ड्रेनेज आहे तिथे जास्त मजले द्यावेत आणि त्यात लहान, परवडणारी घरे असावीत. पेठांमध्ये पुनर्विकास करताना तळमजल्यावरची दुकाने, तालीम आणि मधली वाट जपावी. शहराची वाढ आत झाली तरच बाहेरचा ऊस वाचेल.

चौथे, निळ्या रेषेच्या आत कोणत्याही यंत्रणेने एक वीटही चढू देऊ नये. लाल रेषेच्या पट्ट्यात भरावांचा एकत्रित हिशेब ठेवावा, आणि तो महापालिका व प्राधिकरण यांचा एकच असावा.

हे करायला अधिकार कमी नाहीत. कमी आहे ती तारखेची सक्ती. विकास आराखड्याचा २० वर्षांनी फेरविचार करावा, असे नगररचना कायदा सांगतो. आराखडा रेंगाळतो तेव्हा बांधकाम थांबत नाही, फक्त नियोजन थांबते.

घर किंवा प्लॉट घेताना हे पाहा

- झोन दाखला आणि पार्ट प्लॅन घ्या. प्लॉट पिवळ्या म्हणजे रहिवासी पट्ट्यात आहे की हिरव्या म्हणजे शेती पट्ट्यात, आणि त्यातून आराखड्यातला रस्ता जातो का, हे त्यावरून कळते.
- निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते तपासा. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या दोन घरांत विचारा.
- सातबारावर बिगरशेतीची नोंद आणि लेआउटची मंजुरी पाहा. हिश्श्याच्या गुंठ्यावर केवळ नोटरी करून व्यवहार करू नका.
- समोरचा रस्ता मोजा. कागदावर ९ मीटर आणि जागेवर ५ मीटर असेल, तर पुढे कधी तरी घोळ होणारच.
- जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा नोंदणी आवश्यक आहे. क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहा.
- पाणी कोण देणार आणि सांडपाणी कुठे जाणार, हे दोन प्रश्न बिल्डरला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पुढचा पूर कधी येईल हे कोणाच्या हातात नाही. त्या दिवशी त्याच्या वाटेत किती घरे उभी असतील, हे मात्र आज मंजूर होणाऱ्या नकाशांवर ठरते आहे. कोल्हापूरकरांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी हद्दीवर भांडायचे तर जरूर भांडावे. पण आधी दोघांनी मिळून रस्ते, मैदाने आणि नाले तेवढे वाचवून घ्यावेत. हद्द उद्याही बदलता येईल. एकदा बांधलेली वस्ती हलवता येत नाही.